पारगाव, तर्फे आशिया

जुन्नर आणि आंबेगाव हे शेजारशेजारचे तालुके, आणि दोन्हीत एकेक पारगाव आहे. जुन्नरचं ते पारगाव तर्फे आळे, आंबेगावचं ते पारगाव तर्फे अवसरी बुद्रुक. आम्ही दुसऱ्याचे, म्हणजे भीमाशंकर साखर कारखाना आहे त्या पारगावचे. पत्त्यात 'तर्फे' गाळलं की पार्सल त्या पारगावला जाण्याची भीती, म्हणून लहानपणापासून गावाचं पूर्ण नाव लिहायची सवय लागली. 'तर्फे' म्हणजे काय हे मात्र कुणी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

यंदा मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आले. आमच्या कॉलेजात नव्या शैक्षणिक धोरणानुसार पहिल्या वर्षी तीन विषय सारख्याच वजनाने शिकवतात आणि दुसऱ्या वर्षी त्यातला एक 'मेजर' म्हणून निवडावा लागतो. आधीची पिढी याला 'स्पेशल' म्हणायची. माझे विषय होते मराठी, इतिहास आणि अर्थशास्त्र. मी मेजर इतिहास घेतला, मायनर मराठी. शिवाय आठवड्यातून दोन संध्याकाळी मोडी आणि फार्सी शिकते. कागदावर एवढंच आहे. पण मला विचाराल तर मी घेतलेल्या विषयाचं खरं नाव आशियाचा अभ्यास आहे, आणि तो मी पारगावपासून सुरू केला आहे. घरी, नात्यात आणि वर्गात हे समजावताना बरंच बोलावं लागलं. तेच इथे सविस्तर लिहिते.

अब्बांचं कारखान्याच्या रस्त्याला वेल्डिंगचं दुकान आहे. गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्यांची कामं येतात, पावसाळ्यात हात रिकामे असतात. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिली. त्यामुळे अब्बांचा प्रश्न सरळ होता, "पेट भरंगा क्या इससे?" त्यांच्या मनात अर्थशास्त्र होतं, त्यानंतर बँकेच्या परीक्षा. या प्रश्नावर चिडण्यात अर्थ नाही. ज्याच्या घरात पावसाळ्याचे चार महिने मोजून काढावे लागतात, त्याने तो विचारलाच पाहिजे. मी त्यांना एकच उदाहरण दिलं. कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली. तेव्हा तालुक्या-तालुक्याला जुनी दप्तरं उघडली गेली आणि मोडी वाचणारी माणसं कमी पडली. ज्या लिपीला लोक मेलेली समजत होते, तिच्यावर कितीतरी घरांतल्या मुलांचे दाखले अडून राहिले. अब्बांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "ठीक है, पर बी.एड. भी ध्यान में रख." ते मी ठेवलं आहे.

पोटाचा प्रश्न असा निम्मा तरी सुटला. दुसरा प्रश्न जास्त अवघड निघाला. माझे मामू खूश झाले, पण त्यांचं कारण वेगळं होतं. "घे इतिहास. आपल्या बाजूने लिहिणारं कुणीतरी पाहिजे. लोकांच्या तोंडावर पुरावे मारता आले पाहिजेत." आणि वर्गातल्या मैत्रिणीला फार्सीचं सांगितलं तेव्हा ती सहज म्हणाली, "हां, तुमचीच भाषा ना ती." तिच्या बोलण्यात काही वाकडं नव्हतं. मामूंच्या बोलण्यातही प्रेमच होतं. पण दोघांनी मला एकाच जागी नेऊन बसवलं होतं. मुसलमान मुलगी फार्सी शिकते म्हणजे ती आपल्या घरी परत चालली आहे, असं दोघांनीही धरून घेतलं होतं.

आता घरचं सांगते. आम्ही मुलाणी. गावगाड्यात मुलाण्याचं काम ठरलेलं असायचं. जत्रेला, लग्नाला, नवसाला बकरं हलाल करून द्यायचं, मशिदीची झाडलोट आणि दिवाबत्ती बघायची, आणि त्याबद्दल सुगीला बलुतं घ्यायचं. बकरं मराठ्याचं असो की माळ्याचं, सुरी मुलाण्याची. आमच्या खापरपणजोबांना फार्सी येत असेल असं मला अजिबात वाटत नाही. त्यांना सही येत असेल की नाही हीच शंका आहे. मग फार्सी कुणाला यायची? पारसनीस हे आडनाव पाहा. दरबारात फार्सी पत्रव्यवहार सांभाळणारा तो पारसनीस. फडणीस आणि चिटणीस यांतला 'नीस'ही फार्सी 'नवीस'वरूनच, म्हणजे लिहिणारा. ही आडनावं लावणारी बहुतेक घरं ब्राह्मण आणि कायस्थ प्रभू. दख्खनच्या सुलतानांकडे, मोगलांकडे आणि पुढे मराठ्यांकडे लेखणीची नोकरी करायची तर फार्सी लागायची, आणि ती ज्यांनी शिकली ते हे लोक. आमच्यासारख्या बलुतेदार मुसलमानांच्या वाट्याला फार्सीचे शब्द आले, ती भाषा कधी आली नाही. तेव्हा मी फार्सी शिकते हे परत जाणं नाही. आमच्या घराण्यातून त्या दारात पहिल्यांदाच कुणी पाय ठेवला आहे.

अलीकडची नावं घेतली तरी हेच दिसतं. फार्सी-मराठी कोश १९२५ मध्ये केला तो माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे कवी माधव जूलियन यांनी. ते फर्ग्युसनमध्ये फार्सी शिकवायचे. मराठीत गझल रुजवली त्यांनी, आणि पुढे मराठीतून परके शब्द काढावेत म्हणून 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिलं तेही त्यांनीच. एकाच माणसाने शब्द गोळाही केले आणि हाकलायलाही निघाला, हे मला अजून पुरतं उलगडलेलं नाही. भारत इतिहास संशोधक मंडळातल्या ग. ह. खऱ्यांनी फार्सी कागदांचे खंड छापले. निलंग्यात जन्मलेले सेतुमाधवराव पगडी हैदराबाद संस्थानात नोकरीला होते. त्यांनी मोगल दरबाराची बातमीपत्रं मराठीत आणली, म्हणून आज शिवकाळावर बोलणाऱ्याला औरंगजेबाच्या छावणीत काय चाललं होतं ते मराठीत वाचता येतं. या यादीत मुसलमान नावं फार थोडी आहेत. त्याबद्दल कुणाला दोष देण्यापेक्षा त्या बाकावर जाऊन बसावं, असं मला वाटलं.

खरा निर्णय मात्र या युक्तिवादांनी झाला नाही. तो मोडीच्या वर्गात झाला, तारखेच्या धड्याला. जुन्या मराठी पत्रांवर शुहूर सन लिहिलेला असतो, आणि तो आकड्यांत नाही, अरबी शब्दांत. एकम आधी, मग दशक, मग शतक, शेवटी हजार. इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस... सर फळ्यावर एकेक शब्द लिहून अर्थ सांगत होते, मुलं पाठ करत होती, आणि माझा पुढचा शब्द आधीच तोंडात होता. वाहिद, इसनैन, सलासा, अरबआ, खमसा. गावच्या मकतबमध्ये मौलानांनी हे आकडे आमच्याकडून घोकून घेतले होते. तिथे शिकलेलं मशिदीबाहेर कधी उपयोगी पडेल असं मला वाटलं नव्हतं, आणि इथे शनिवारवाड्यातून निघालेल्या पत्रांच्या तारखा मी सरळ वाचत होते.

हा सन मुळात मोठा मजेशीर आहे. तो चौदाव्या शतकात, महंमद तुघलकाच्या काळात सुरू झाला असं मानतात. सुरुवातीचा आकडा हिजरीतून घेतला, पण हिजरी वर्ष चंद्राचं, ते दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतं आणि शेतसाऱ्याच्या हिशेबाला चालत नाही. म्हणून हा सन सूर्याच्या वर्षाला बांधला. वर्ष सुरू होतं ते मृग नक्षत्राला, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन निघतो. आकड्यांचे शब्द अरबी, आरंभ हिजरीतून, आणि नवं वर्ष शेतकऱ्याच्या पहिल्या पावसाला. पत्राची तिथी देताना पुन्हा 'छ' लिहून मुसलमानी महिन्याचा चंद्र द्यायचे, रमजान, सवाल, रबिलावल असा. पेशव्यांच्या पत्रांतही हेच आहे. त्यांच्या कारकुनांना यात कुणाचं काही घेतल्यासारखं वाटत नसणार. त्यांची ती रोजची तारीख होती.

त्यानंतर सुट्टीत घरी गेले तेव्हा चुलत्यांच्या पेटीतला कागद मागून घेतला. आमच्या घरात तो पिढ्यानपिढ्या आहे. कुणाला वाचता येत नाही, पण टाकवतही नाही. तारीख मी स्वतः लावली. खमस सितैन मया व अलफ. पाच, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे ११६५. इसवी सनाचं १७६४-६५. बाकीचा मजकूर सरांच्या मदतीने उलगडला. गावच्या मुलाण्याचा हक्क पूर्वीपासून चालत आला आहे तसा पुढे चालवावा, एवढंच त्यात आहे. अब्बांनी पहिला प्रश्न विचारला, "जमीन मिलेगी क्या?" मी म्हटलं, नाही. बलुतं संपलं, वतनं कायद्याने गेली, या कागदावर आज काहीच मिळणार नाही. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "फिर भी, नाम तो है अपना."

मामूंना कळलं तेव्हा त्यांना हा कागद व्हॉट्सअॅपवर फिरवायचा होता. बघा, अडीचशे वर्षांपासून आम्ही इथे आहोत. मी नको म्हटलं, आणि का ते सांगते, कारण माझ्या दृष्टीने सगळा मुद्दा तिथेच आहे. आम्ही इथले आहोत हे सिद्ध करायला कागद दाखवायचा, म्हणजे ज्याच्याकडे कागद नाही तो इथला नाही, हे आपणच मान्य करायचं. गावात कितीतरी घरं आहेत, सगळ्या जातींची, ज्यांच्याकडे चिटोरंही नाही. शिवाय पुरावा शोधायला बसलेला माणूस हवं तेवढंच वाचतो आणि उरलेलं पान दुमडून ठेवतो. मला पान पूर्ण वाचायचं आहे, आपल्याला न आवडणारं असलं तरी.

याचं उदाहरण आमच्या शेजारच्या जुन्नरचंच आहे. १४७० च्या आसपास अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी समुद्रमार्गे चौलला उतरला आणि घाट चढून जुन्नरला आला. विकायला त्याने एक घोडा आणला होता. पावसाळा त्याने जुन्नरमध्ये काढला. तिथला अधिकारी असदखान याने त्याचा घोडा काढून घेतला आणि सांगितलं, मुसलमान हो, घोडाही देतो आणि वर सोन्याची हजार नाणीही देतो. निकितिन हवालदिल झाला. तेव्हा महंमद नावाचा एक खुरासानी खोजा आला. त्याने खानाकडे जाऊन रदबदली केली, धर्माचा आग्रह सोडवला आणि घोडाही परत आणला. निकितिनने हे स्वतः लिहून ठेवलं आहे. आता मी मामूंच्या सांगण्यावरून लिहायला बसले तर फक्त खुरासानी खोजा सांगेन. दुसरं कुणी फक्त असदखान सांगेल. पण एकाच गावात, एकाच पावसाळ्यात दोघेही होते आणि दोघेही मुसलमान होते. निकितिनचं लिखाणही असंच आहे. रशियन लिहिता लिहिता तो मध्येच तुर्की, फार्सी, अरबी शब्द वापरतो, आणि शेवटची प्रार्थना तर अरबीत करतो. तो धर्माने शेवटपर्यंत ख्रिस्तीच होता की नाही यावर अभ्यासक अजून वाद घालतात. असा माणूस आमच्या तालुक्याच्या शेजारी पावसात अडकून पडला होता आणि शाळेच्या दहा वर्षांत मला त्याचं नाव ऐकायला मिळालं नाही.

त्याच जुन्नरच्या लेण्यांत, निकितिनच्याही हजाराहून अधिक वर्षं आधीचे, यवनांच्या दानाचे तीन लेख आहेत. इरिल, चिट आणि चंद अशी त्यांची नावं. एकाने बौद्ध भिक्खूंसाठी पाण्याची दोन टाकी खोदून दिली, एकाने भोजनमंडप दिला. तेव्हा यवन म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेला परदेशी. नाणेघाटातून व्यापाऱ्यांचे तांडे चढायचे, त्यांच्याबरोबर हे लोक आले. पुढे मराठीत यवन हा शब्द आमच्यासाठी वापरात आला, आणि बहुतेक वेळा चांगल्या अर्थाने नाही. त्या शब्दाचा इथला जुना अर्थ पाण्याचं टाकं बांधून देणारा पाहुणा असा आहे, हे कळल्यावर मला बरं वाटलं हे खरंच. पण त्याहून जास्त, एक शब्द कुठून निघतो आणि कुठे पोचतो याचं कुतूहल वाटलं. इथियोपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला, बगदादमार्गे दख्खनला पोचलेला मलिक अंबर काही काळ जुन्नरहूनच निजामशाही चालवत होता. जुन्नरचा हातकागद प्रसिद्ध होता आणि तो करणारे कागदी मुसलमान होते. चीनमध्ये सुरू झालेली ती विद्या समरकंद, बगदाद करत इकडे आली. कागद हा शब्दही फार्सी 'कागज'वरून आलेला.

आता 'तर्फे'कडे येते. बहमनी राज्यात तरफ म्हणजे मोठा प्रांत आणि त्यावरचा अधिकारी तरफदार. इराणमधल्या गिलानहून आलेला महमूद गवान वजीर झाला तेव्हा त्याने चारांच्या आठ तरफा केल्या, त्यात जुन्नर ही एक होती. पुढे हा शब्द लहान लहान होत काही गावांच्या गटापुरता उरला. बुद्रुक म्हणजे बुजुर्ग, मोठं. खुर्द म्हणजे धाकटं. मुक्काम, तालुका, जिल्हा हेही तिकडूनच आलेले. म्हणजे आमच्या गावचा कुणीही शेतकरी, कोणत्याही जातीचा, पत्ता लिहितो तेव्हा अर्धा आशिया लिहून मोकळा होतो.

आमच्याकडे आशिया हा शब्द फक्त क्रिकेटच्या आशिया कपपुरता निघतो. पण कांदा लावणाऱ्याला आशिया चांगला माहीत आहे. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली आणि मे २०२४ पर्यंत राहिली, तेव्हा मंचरच्या मार्केट यार्डात ढाका, कोलंबो आणि दुबईची नावं घेतली जात होती. ऑगस्ट २०२४ मध्ये बांगलादेशात सत्ता उलटली आणि सीमेवर ट्रक थांबले, तेव्हा आमच्या शेजाऱ्यांना ते टीव्ही लावण्याआधी भावावरून कळलं. ज्या देशांच्या हातात आपला भाव आहे, त्यांची भाषा, इतिहास, राजकारण शिकणारं गावात एकही माणूस नाही, याचं मला जास्त नवल वाटतं.

पुण्यात मला एक अमेरिकन मुलगी भेटली, मराठी शिकायला आलेली. तिने तिच्या विद्यापीठात एशियन स्टडीज हा मेजर घेतला आहे. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज १९६१ ची. तिच्याकडून पुण्यात असे विद्यार्थी येत असतात. त्यांच्याकडे या विषयाला पैसा आला तो शीतयुद्धात. रशियाने स्पुटनिक सोडल्यावर १९५८ मध्ये कायदा करून त्यांनी परक्या भाषा शिकवायला निधी दिला. हेतू काहीही असो, त्यातून एलिनॉर झेलियटसारख्या अभ्यासक घडल्या, ज्यांनी आंबेडकरी चळवळीवर आयुष्यभर काम केलं. त्या मुलीने मला विचारलं, "तुझा मेजर काय?" मी इतिहास सांगितलं. "कुठला?" तेव्हा मी पारगावचं पूर्ण नाव सांगितलं आणि त्यातला एकेक शब्द फोडून दाखवला. तिने वहीत लिहून घेतलं. तिला जे शिकायला विमानाने यावं लागतं ते माझ्या आधारकार्डावर छापलेलं आहे. फरक इतकाच की तिला त्याचा विषय करता येतो हे कुणीतरी सांगितलं, आणि मला सांगणारं कुणी नव्हतं.

अकरावी-बारावीला असलेल्या मुलामुलींनी, विशेषतः आपल्या समाजातल्या, हे वाचलं तर एवढंच सांगेन की पोटाचा प्रश्न टाळू नका. त्याचं उत्तर घरच्यांसमोर मांडूनच या विषयाकडे या, आणि कुणाच्या बाजूने यायचं म्हणून येऊ नका. आणि ज्यांच्या घरी जुने कागद आहेत त्यांना एक विनंती. ते लॅमिनेट करू नका, आत कोंडलेला कागद पुन्हा मोकळा करता येत नाही. चिकटपट्टी लावू नका. सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा, दिवसाच्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढा, आणि मोडी येणाऱ्या माणसाला दाखवा. वाचल्यावर त्यात आपलं नाव निघेल, शेजाऱ्याचं निघेल, किंवा आपल्या कुणीतरी केलेला अन्याय निघेल. जे निघेल ते सगळं लिहून ठेवा.